पान क्रमांकासह विचारा: इतिहास, राजकारण आणि कलेवर लिहिणाऱ्या लेखकाची मुलाखत

प्रश्न थोडक्यात असा: वाचकांच्या एका गटासाठी तीन प्रकट मुलाखती घ्यायच्या आहेत. एका लेखकाचं पुस्तक इतिहासावर, दुसऱ्याचं राजकारणावर, तिसऱ्याचं चित्रकलेवर. प्रत्येकाला एक तास. तयारी कशी करायची, आणि ‘हा विषय का निवडलात’, ‘प्रेरणा कुठून मिळाली’, ‘आजच्या काळात या पुस्तकाचं महत्त्व काय’, ‘तरुण पिढीला काय सांगाल’ हे प्रश्न पुरेसे आहेत का?

नाहीत. चारही खोडा. त्यांच्यात वावगं काही नाही, पण ते पुस्तक न उघडता विचारता येतात, आणि लेखकाला ते पहिल्या मिनिटातच कळतं. मग तो पाठ झालेली उत्तरं काढतो. गेल्या चार मुलाखतींत सांगितलेला किस्सा पाचव्यांदा, त्याच ठिकाणी थांबून, त्याच हशासह. श्रोत्यांना तास बरा गेल्यासारखा वाटतो आणि घरी जाईपर्यंत काही आठवत नाही.

लेखकाचं मत लेखात मिळतं, भाषणात मिळतं, मलपृष्ठावरही मिळतं. समोर बसवून विचारण्यासारखी गोष्ट वेगळी असते: त्या मतापर्यंत तो कुठल्या कागदावरून पोचला, कुठली वाट सोडून दिली आणि कागद संपल्यावर उडी कुठे मारली. उडी प्रत्येक पुस्तकात असते, चांगल्या पुस्तकातही. ती नेमकी कुठल्या पानावर आहे ते शोधणं म्हणजे तयारी. बाकी सगळं, म्हणजे माइक, खुर्च्या, पुष्पगुच्छ, त्यानंतर.

साडेतीनशे पानांच्या पुस्तकाला पंधरा ते अठरा तास धरा. त्यातले नऊ-दहा सलग वाचनाचे, तीन-चार निवडक पानं पुन्हा वाचायचे, उरलेले पडताळणीचे. एवढा वेळ नसेल तर तीनऐवजी एकच मुलाखत घ्या.

वाचायला सुरुवात मागून करावी. आधी ऋणनिर्देश: कुठली दप्तरं, कुठली ग्रंथालयं, कुणाच्या घरचे कागद पाहायला मिळाले, कुणी हस्तलिखित वाचलं. एखाद्या नेत्याच्या चरित्रात त्याच्या कुटुंबाचे मनापासून आभार मानलेले असतील तर कागद कुणाच्या मर्जीने मिळाले हे तिथेच कळलं. मग संदर्भसूची: किती भाषांतली साधनं आहेत? दोन देशांच्या युद्धावरचं पुस्तक एकाच बाजूच्या भाषेतल्या कागदांवर उभं असेल तर तो तुमचा पहिला प्रश्न. मग तळटीपा. एक मधलं प्रकरण निवडा (पहिलं नको, त्यावर लेखकाने सर्वांत जास्त हात फिरवलेला असतो) आणि टीपा मोजा. किती टीपा मूळ पत्रांकडे, नोंदींकडे, इतिवृत्तांकडे जातात आणि किती दुसऱ्या लेखकांच्या पुस्तकांकडे? सलग आठ-दहा पानं टीप नसलेली कुठे सापडतात? त्या पानांवर पेन्सिलीने उभी रेघ मारून ठेवा. शेवटी पुस्तकाच्या अखेरची नामसूची. जे नाव तिथे असायला हवं आणि नाही, ते लिहून घ्या.

पुढून वाचताना पहिल्या वेळी खुणा करू नका. पुस्तक वाचकासारखं वाचून होऊ द्या, नाहीतर गोष्ट सुटते आणि हातात फक्त चुका राहतात. दुसऱ्या वाचनात तीन प्रकारचे शब्द टिपा. एक, ‘असावा’, ‘बहुधा’, ‘शक्यता आहे’. इथे लेखक प्रामाणिकपणे सांगतोय की पुढे अंदाज आहे. दोन, ‘निश्चितच’, ‘अर्थातच’, ‘यात शंका नाही’. अनुभव असा की पुरावा भक्कम असतो तिथे हे शब्द लागत नाहीत. जिथे पातळ असतो तिथे ते हमखास येतात. तीन, ‘त्याच्या मनात आलं’, ‘तिला जाणवलं’, ‘त्या रात्री त्यांना झोप लागली नाही’. मनात आलेलं लेखकाला कसं कळलं? रोजनिशी होती, पत्र होतं, वीस वर्षांनी दिलेली मुलाखत होती, की प्रकरणाची सुरुवात चांगली व्हावी म्हणून ते वाक्य आलं? चारही उत्तरं चालण्यासारखी आहेत, पण चारांची किंमत वेगळी.

त्यानंतर पडताळणी. पुस्तकातली तीन अवतरणं निवडा आणि मूळ ठिकाणी जाऊन पाहा. तीन पुरेत, त्याला साधारण अर्धा दिवस लागतो. निवडताना मध्ये तीन टिंबं असलेलं अवतरण आधी घ्या. टिंबांच्या जागी काय गाळलंय ते वाचा. बहुतेक वेळा कंटाळवाणा तपशील असतो. कधीतरी मात्र ‘परंतु’ने सुरू होणारं वाक्य गेलेलं असतं. ते सापडलं की मुलाखतीतली सर्वांत चांगली दहा मिनिटं हाती लागली असं समजा.

इतिहासाच्या पुस्तकात तारखा कशा बदलून घेतल्यात ते पाहायला विसरू नका. एक उदाहरण जवळून बघू. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ. मिळवले की येतात १६२९. पण शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, आणि फाल्गुन उजाडेपर्यंत इंग्रजी जानेवारी मागे पडलेला असतो, म्हणून वर्षाच्या त्या शेपटीला ७९ मिळवायचे. आले १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. गंमत पुढे आहे. त्या काळातला इंग्रज कारकून हाच दिवस स्वतःच्या वहीत १६२९ सालातच टाकणार, कारण इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं. १ जानेवारी आली १७५२ पासून. पहिला चार्ल्स राजा ३० जानेवारी १६४९ रोजी मारला गेला, पण समकालीन इंग्रजी कागदांत साल १६४८ दिसतं ते याच कारणाने. शिवाय १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पंचांगातली तारीख; आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १ मार्च. म्हणजे एकाच दिवसाला दोन सालं आणि दोन तारखा, आणि चारही आकडे कुठल्या ना कुठल्या कागदात ‘बरोबर’ आहेत. लेखकाने देशी आणि परदेशी साधनं एकाच परिच्छेदात वापरली असतील तर विचारा: तारखा कुठल्या पद्धतीने एकसारख्या केल्यात? टीप कुठे आहे? असं न केल्यामुळे पत्र पोचण्याआधीच त्याला उत्तर गेलेलं दिसतं, आणि मग त्यावर ‘हेरखातं किती तल्लख होतं’ असं अख्खं पान लिहिलं जातं.

दुसरी तपासायची गोष्ट, भाषणं आणि संवाद. थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हे सरळ सांगून टाकलं होतं: भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं त्याला आणि त्याला माहिती देणाऱ्यांनाही अवघड होतं, म्हणून एकूण आशयाला शक्य तितकं धरून, त्या प्रसंगी काय बोलायला हवं होतं ते त्याने बोलणाऱ्यांच्या तोंडी घातलं. एवढी कबुली आजच्या कित्येक प्रस्तावनांतही नसते. आपल्या बखरींचंही तसंच. प्रसंग घडून गेल्यावर, कधी कित्येक वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेल्या. त्यातले झणझणीत संवाद वाचकाला तोंडपाठ असतात आणि पुरावा म्हणून ते सर्वांत कच्चे असतात. याचा अर्थ बखर फेकून द्यायची असा नाही. ती ज्या काळाबद्दल सांगते त्यापेक्षा ज्या काळात लिहिली गेली त्याबद्दल जास्त सांगते, आणि लेखकाने तिचा वापर यांपैकी कशासाठी केलाय हा चांगला प्रश्न आहे.

साधन अस्सल आहे हे कसं ठरवलं, हेही विचारावं, पण परीक्षकाच्या आवाजात नको. १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून साठेक रोजनिशा एका जर्मन साप्ताहिकाने जाहीर केल्या. एका नामवंत इतिहासकाराने त्या आधी पाहून पसंतीही दिली होती; एवढा मोठा ढीग कोण कशाला खोटा रचेल, हा विचार त्यामागे होता. हस्ताक्षर तज्ज्ञांनी जुळवून पाहिलं, जुळलं. का जुळलं? ताडून पाहायला दिलेल्या ‘अस्सल’ नमुन्यांतही त्याच बनावट करणाऱ्याच्या हातचे कागद होते. शेवटी कागदानेच चुगली केली: त्याला पांढरेपणा आणणारं रसायन युद्धानंतरच्या काळातलं निघालं. यातून मुलाखतीला उपयोगी पडणारा प्रश्न निघतो तो असा: ‘हे पत्र तुम्ही कशाशी ताडून पाहिलंत, आणि ते ताडायचं साधन कुठून आलं?’ ज्याने खरोखर दप्तरात बसून काम केलंय तो या प्रश्नाने खुलतो. कागद, शाई, मोडीचं वळण, शिक्का, घडी कुठे पडली आहे, यावर तो वीस मिनिटं बोलेल आणि श्रोते श्वास रोखून ऐकतील.

ऐतिहासिक कादंबरीकाराला मात्र हे विचारू नका. ‘हे खरं घडलं का’ हा त्याच्यासाठी चुकीचा प्रश्न. त्याला विचारायचं ते असं: नोंद उपलब्ध असूनही तुम्ही ती कुठे बाजूला ठेवलीत, आणि कथेला त्याने काय मिळालं?

राजकारणावरच्या पुस्तकात अडचणी निराळ्या. पहिली, काळ. पुस्तक छापायला गेलं तो महिना लेखकाकडून आधीच विचारून घ्या. पुस्तक मार्चमध्ये छपाईला गेलं आणि मुलाखत डिसेंबरमध्ये असेल तर मधल्या नऊ महिन्यांत घडलेल्या गोष्टींवरून लेखकाला कोंडीत पकडणं हा पोरकटपणा झाला. उलट ‘आज हे प्रकरण पुन्हा लिहिलंत तर कुठला परिच्छेद बदलाल?’ हे विचारणं रास्त. नुसतं ‘आजच्या परिस्थितीबद्दल काय वाटतं’ असं विचारलंत की पुस्तक संपलं, वर्तमानपत्र सुरू झालं. पुढची वीस मिनिटं परत येत नाहीत, आणि सभागृहात दोन तट पडतात ते वेगळंच.

दुसरी अडचण, काय लिहायची मुभा नव्हती. चर्चिल यांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाचे सहा खंड १९४८ पासून यायला लागले. युद्धकाळात ते स्वतः पंतप्रधान, सरकारी कागद हाताशी, मदतीला अभ्यासकांची तुकडी. तरी शत्रूचे सांकेतिक संदेश ब्रिटन सातत्याने फोडून वाचत होतं, ही एवढी मोठी गोष्ट त्या खंडांत नाही. ते गुपित पुस्तकरूपाने उघडपणे लोकांपुढे आलं १९७४ मध्ये. म्हणजे सव्वीस वर्षं वाचक ज्या निर्णयांना दूरदृष्टी समजत होते, त्यांतल्या काहींमागे शत्रूचाच संदेश टेबलावर पडलेला होता. सत्तेत बसून आलेल्या कुठल्याही लेखकाला म्हणून विचारा: हस्तलिखित छापण्याआधी कुणाच्या हाताखालून गेलं? किती पानं गेली? ती कुठल्या विषयावरची होती, एवढं तरी सांगता येईल? तपशील सांगता येत नसेल तर ‘सांगता येत नाही’ हेही उत्तर आहे. ते नीट ऐकू येऊ द्या, त्यावर विनोद करून घालवू नका.

याच्याच जोडीला कागद कधी खुले झाले हे बघावं. जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्या २३ ऑगस्ट १९३९ च्या कराराला गुप्त पुरवणी जोडलेली होती. तिचा मजकूर अमेरिकेने १९४८ मध्ये छापला. मॉस्कोने मात्र डिसेंबर १९८९ पर्यंत ती मान्य केली नाही. त्यामुळे त्या विषयावरचं पुस्तक कुठे आणि कुठल्या साली लिहिलं गेलं हे माहीत नसताना त्यातल्या निष्कर्षाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. लेखकाने स्वतःच्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली असेल तर दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचा. काय वाढलं ते प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. काय गळलं ते नसतं.

तिसरी अडचण आठवणींची. आत्मचरित्रात बंद खोलीतली बैठक अवतरण चिन्हांसह आली की विचारा: हे त्याच रात्री टिपलं होतं का? बैठकीचं इतिवृत्त पाहिलं का? दुसऱ्या कुणी त्या बैठकीबद्दल लिहिलंय का, आणि ते जुळतं का? पुस्तकात हयात व्यक्तीवर आरोप असेल तर पुस्तकातले शब्द जसेच्या तसे, पान क्रमांकासह वाचा आणि तिथेच थांबा. स्वतःच्या शब्दांत तो आरोप सांगू नका. ‘यांनी घोटाळा केला असं तुम्ही म्हणता’ हे वाक्य लेखकाने लिहिलेलंच नसतं बहुतेक वेळा. त्याने ‘या व्यवहारात अमुक प्रश्न उभे राहतात’ असं जपून लिहिलेलं असतं. फरक एका शब्दाचा, पण बदनामीच्या दाव्यात तो शब्द तुमचा असतो.

कलेवरच्या पुस्तकाला लोक सर्वांत कमी तयारी करतात, कारण विषय ‘मऊ’ वाटतो. प्रत्यक्षात तिथेच सर्वांत जास्त दंतकथा मुरलेल्या असतात. सोळाव्या शतकातला वसारी हा इटालियन चित्रकार आणि चरित्रकार. त्याच्या कलाकार-चरित्रांची पहिली आवृत्ती १५५० ची, वाढवलेली दुसरी १५६८ ची. युरोपातलं कलेतिहासाचं लेखन बरंचसं त्याच्यावर पोसलं गेलं. त्याने लिहून ठेवलं की आंद्रेआ देल कास्तान्यो याने मत्सरापोटी डोमेनिको व्हेनेत्सियानो या चित्रकाराचा खून केला. तीनशे वर्षं ते खरं मानलं गेलं. मग कागद सापडले: कास्तान्यो वारला १४५७ मध्ये, डोमेनिको १४६१ मध्ये. मारेकरी आधी गेला, मेलेला नंतर चार वर्षं जगला. चित्रकाराच्या स्वभावाबद्दल, व्यसनाबद्दल, भांडणाबद्दल चविष्ट काही वाचलंत की टीप शोधा.

रेम्ब्रां या डच चित्रकाराचं ‘नाइट वॉच’ घ्या. कलेवरच्या लेखकाला काय विचारता येतं हे त्या एका चित्रावरून कळेल. चित्र १६४२ चं, अ‍ॅमस्टरडॅमच्या नगररक्षकांच्या एका तुकडीचं. प्रचलित गोष्ट अशी की गिऱ्हाइकांना ते पसंत पडलं नाही, कामं बंद झाली आणि चित्रकार कंगाल झाला. आता एकेक धागा ओढा. नाव चित्रकाराने दिलेलं नाही, ते पुढच्या शतकातलं. वार्निश काळवंडलं म्हणून दिवसाचा प्रसंग रात्रीचा वाटायला लागला. पैसे मिळाल्याचा पुरावा आहे: चित्रात असलेल्यांपैकी एकाने १६५९ मध्ये दिलेल्या जबानीनुसार सोळा जणांनी प्रत्येकी सुमारे शंभर गिल्डर (तेव्हाचं डच नाणं) भरले. चित्र नाकारल्याचा पुरावा नाही. ते तुकडीच्या सभागृहात टांगलेलं होतं. दिवाळं निघालं हे खरं, पण १६५६ मध्ये, चौदा वर्षांनी. आणि आपण बघतो ते चित्र पूर्ण नाही. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर बसेना म्हणून चारही बाजूंनी कापलं, डावीकडून सर्वांत जास्त. आधी काय होतं हे कळतं ते त्या काळात कुणीतरी करून ठेवलेल्या लहान प्रतीवरून. लेखकाने या चित्राच्या ‘धाडसी, मध्य सोडून केलेल्या’ रचनेवर दोन पानं लिहिली असतील तर विचारायचं एवढंच: ही रचना चित्रकाराची की कात्रीची? मूळ चौकटीत पुढचा कप्तान कुठे उभा होता?

आणखी एक साधा प्रश्न प्रत्येक कलालेखकाला विचारावा: मूळ कलाकृती पाहिलीत का, आणि किती अंतरावरून? पुस्तकात ‘मोनालिसा’ आणि ‘गेर्निका’ दोन्ही अर्ध्या पानाची असतात. प्रत्यक्षात एक ७७ बाय ५३ सेंटिमीटर, दुसरं साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. छापील चित्रावरून लिहिलेलं वर्णन ओळखू येतं: रंग आणि आशय असतो, आकार, पृष्ठभाग, रंगाचा थर नसतो. मुलाखतीत चित्र पडद्यावर दाखवणार असाल तर आधी पूर्ण चित्र दहा सेकंद न बोलता दाखवा, मग तपशील. पुस्तकातलं पान मोबाइलने टिपून पडद्यावर टाकू नका, छपाईचे ठिपके दिसतात. संगीतावरचं पुस्तक असेल तर चाळीस-पन्नास सेकंदांचा तुकडा आधी वाजवून मग बोला. मागे मंद लावून वर बोलत राहिलात तर दोन्ही वाया. चित्र असो वा ध्वनी, वापरायची परवानगी कुणाकडे मागायची ते दोन आठवडे आधी बघा.

आता प्रश्न बांधणं. एका तासासाठी बारा प्रश्न लिहा, सातच विचारले जातील. लेखकाचं उत्तर सरासरी पाच मिनिटांचं धरलं तर चाळीस मिनिटांत गणित तेवढंच बसतं. दुभाष्याच्या मार्फत बोलणं असेल तर सात नव्हे, चार. प्रत्येक प्रश्न वेगळ्या कार्डावर, वर ठळक पान क्रमांक. एका प्रश्नात एकच प्रश्न. ‘आणि’ने जोडलेल्या दोन प्रश्नांपैकी लेखक सोप्याचं उत्तर देतो आणि अवघड तुम्हीच विसरता. प्रश्नात उत्तर भरू नका. ‘हा निर्णय म्हणजे सत्तेच्या लोभाचंच उदाहरण होतं ना?’ याला ‘हो’ एवढंच उत्तर उरतं. तेच असं विचारा: ‘पान २१२ वर तुम्ही या निर्णयाची तीन कारणं देता आणि चौथं, पैशाचं, फक्त टीपेत ठेवता. ते वर का आणलं नाहीत?’ प्रश्न तीस सेकंदांच्या आत संपला पाहिजे. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. लिहिताना छोटा वाटणारा प्रश्न बोलताना दीड मिनिट खातो.

लेखकाच्या गेल्या दोन-तीन मुलाखती ऐका आणि त्याचे ठरलेले किस्से लिहून काढा. त्यांतला एखादा श्रोत्यांना कळणं गरजेचं असेल तर दोन वाक्यांत तुम्हीच सांगून टाका आणि तिथून पुढचा प्रश्न विचारा. किस्सा आपल्या हातून गेला की लेखकाला नवं बोलावंच लागतं.

मुलाखतीआधी फोनवर बोला, पंधरा-वीस मिनिटं पुरेत. नावाचा उच्चार, वाचायचा उतारा, कुठल्या विषयावर कायदेशीर कारणाने बोलता येत नाही, एवढं ठरवा. मुख्य प्रश्न फोनवर विचारू नका. चांगलं उत्तर माणूस एकदाच देतो. दुसऱ्यांदा तो आठवून सांगतो.

तासाची आखणी. परिचय नव्वद सेकंद, पुरस्कारांची यादी नाही. पहिला प्रश्न छोटा आणि हाताला लागणारा: एखादा नकाशा, एखादं छायाचित्र, मुखपृष्ठावरची वस्तू. दहाव्या मिनिटाच्या आसपास लेखकाकडून उतारा वाचून घ्या, अडीचशे-तीनशे शब्दांचा, म्हणजे अडीच मिनिटं. बरेच जण वाचन शेवटी ठेवतात; सुरुवातीला ठेवलं तर पुस्तक न वाचलेल्या श्रोत्यांकडेही पुढच्या बोलण्यासाठी समान मजकूर असतो. मतभेदाचा प्रश्न पंचविसाव्या ते पस्तिसाव्या मिनिटात. पहिल्या पाच मिनिटांत विचारलात तर लेखक उरलेला तास कवच घालून बसतो, शेवटी विचारलात तर उत्तराला जागा उरत नाही. आणि तो ‘काही लोक म्हणतात’ या आडून विचारू नका. पान उघडा, वाक्य वाचा, तुमचा मूळ कागद शेजारी ठेवा. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात चार आकडे मोजा. अस्वस्थ करणारी शांतता असते ती, पण लेखक बहुतेक वेळा त्याच शांततेत खरं वाक्य बोलतो.

श्रोत्यांच्या प्रश्नांना पंधरा मिनिटं म्हणजे पाच प्रश्न. चिठ्ठ्या घेतलेल्या बऱ्या. तोंडी घ्यायचे असतील तर माइक श्रोत्याच्या हातात देऊ नका, धरणारा माणूस ठेवा. भाषण सुरू झालं की वाक्याच्या मध्ये, त्यांच्याच शेवटच्या शब्दाला धरून, लेखकाकडे प्रश्न वळवा.

ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करा. कॉलर माइक कपड्याला आणि दागिन्यांना घासतो. हातातला माइक हनुवटीखाली चार बोटांवर धरला की पुरतं, पण लेखक बोलण्याच्या भरात हात हलवतो, म्हणून स्टँड बरा. सुरू होण्याआधी रिकाम्या सभागृहाचा अर्धा मिनिट आवाज मुद्रित करून ठेवा, संपादनात सांधे झाकायला उपयोगी पडतो.

मुलाखत छापायची असेल तर साठ मिनिटांचे साधारण सात हजार शब्द होतात. हाताने उतरवायला पाच-सहा तास, त्यातून अडीच-तीन हजार शब्द उरतात. अडखळणं, पुनरुक्ती काढा. उत्तराचा शेवट दुसऱ्या प्रश्नाला जोडू नका, क्रम बदललात तर तसं नमूद करा. बोलण्यातल्या ‘बहुधा’ला हात लावू नका, शब्दांकनात सर्वांत आधी तोच उडतो आणि लेखकाचा अंदाज छापील विधान होऊन बसतो. मसुदा लेखकाकडे पाठवताना नावं, सालं, आकडे आणि पान क्रमांक अधोरेखित करून पाठवा आणि दुरुस्ती तेवढ्यापुरतीच मागा, चार दिवसांच्या मुदतीने. पूर्ण मजकूर ‘बघून द्या’ म्हणून पाठवलात तर पंधरा दिवसांनी परत येतो तो मुलाखत नसते, प्रस्तावनेचा दुसरा भाग असतो.